चौदा नंबरच्या पापुद्र्याखाली

हणमंतराव, तुमच्या शोकसभेत मी चांगलं बोलले. लोकांनी माना डोलावल्या, इतकं चांगलं. देवळासमोरच्या मांडवात तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला होता आणि त्याच्या शेजारी उभी राहून मी म्हणाले, ‘ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड पापुद्रा. तो कशावर ठेवला आहे, त्यावर त्याचं वागणं ठरतं. हणमंतराव आमच्या प्रयोगशाळेचे असेच आधार होते.’ हे वाक्य मला आदल्या दिवशी सुचलं होतं. सुचल्यावर बरं वाटलं होतं. हेही तुम्हाला सांगते, म्हणजे मी किती कोडगी झाले होते ते कळेल.

मांडवातल्या कुणालाच माहीत नव्हतं की त्यातली ‘कशावर ठेवला आहे’ ही गोष्ट मला तुम्हीच शिकवली होती, आणि ती शिकवल्याबद्दल तुम्हाला काय मिळालं होतं.

तुम्ही आमच्या सांगलीच्या कॉलेजात आलात ते माजी सैनिकांच्या जागेवर, प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून. मी पुण्याहून पीएच.डी. करून नुकतीच लागले होते. लहानसं संशोधन अनुदान मिळालं होतं, त्यातून एक बरा मायक्रोस्कोप आणि मोजमापाची थोडी यंत्रं घेतली होती. रेडिओ सेट दुरुस्त करणारा निवृत्त हवालदार मला काय उपयोगाचा, असं मनात म्हणून मी पहिले दोन आठवडे तुम्हाला फक्त चकत्या धुवायला दिल्या. सिलिकॉनच्या त्या नखाएवढ्या, वरच्या ऑक्साइडच्या थरामुळं जांभळट दिसणाऱ्या चकत्या. तुम्ही त्या अशा धुतल्यात की त्यांवर बोटाचा ठसा सोडा, धुळीचा कण सापडेना.

तिसऱ्या आठवड्यात मी एका पापुद्र्याला तारा जोडत होते. चिकटपट्टीनं ग्रॅफाइट सोलून सोलून, दिवसभर चकत्या तपासून, कसाबसा एक थराचा तुकडा सापडला होता. केसाच्या जाडीपेक्षाही लहान. त्यावर इंडियम नावाच्या मऊ धातूचं टोक टेकवून जोड द्यायचा होता. माझा हात थरथरला आणि पापुद्रा फाटला. लागोपाठ चौथ्यांदा. तुम्ही मागे उभे होतात. म्हणालात, ‘मॅडम, पुढचा मी बघू का जरा?’ पुढचा तुकडा सापडल्यावर मी वैतागून जागा दिली. तुम्ही श्वास सोडलात, पुन्हा घेतलाच नाहीत, सुई खाली आणलीत आणि जोड बसला. मग म्हणालात की श्वास रोखून धरला की हात हलतो, सोडून द्यायचा. आजही मी विद्यार्थ्यांना हेच सांगते. कुणाकडून शिकले, ते कधी सांगितलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. विभागात कुणाला माझ्या कामात रस नव्हता. तुम्हाला होता. तुम्ही शनिवारी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडच्या तुमच्या गावी जायचात आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत यायचात, तेव्हा तुमच्या पिशवीत तुमच्या बायकोनं, शालनताईंनी, दिलेली भाकरी आणि खर्डा असायचा, आणि डोक्यात एखादा प्रश्न. ‘मॅडम, ह्ये आलेखाचं शिखर चाळीस व्होल्टावर का सरकतंय? त्ये शून्यावर पायजे म्हनता ना तुमी?’

तोच तर माझा त्रास होता. चकतीच्या सिलिकॉनला खालून व्होल्टेज द्यायचं आणि वरच्या पापुद्र्याचा विद्युतरोध कसा बदलतो ते आलेखावर काढायचं. पापुद्रा निखळ असेल तर आलेखाचं शिखर शून्य व्होल्टला यायला हवं. आमचं कायम सरकलेलं. शिवाय व्होल्टेज चढवताना एक रेषा, उतरवताना दुसरी. मी म्हणायची, पापुद्र्यावर चिकटपट्टीचा डिंक राहतोय. तुम्ही म्हणायचात, वरचं नव्हं, खालचं बघा.

तुम्ही मला तुमच्या आसाममधल्या पोस्टिंगची गोष्ट सांगितलीत. राजस्थानात उत्तम चालणारे रेडिओ सेट तिकडे नेल्यावर खरखर करायला लागले. वरिष्ठांनी सेट बदलायला लावले. नवे सेटही तसेच. शेवटी तुम्ही भिंगातून पाहिलंत, तर सेटच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर दमट हवेची, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी साय बसत होती आणि तिच्यातून विद्युतभार भलतीकडे जात होता. पाटीला पाणी न धरणारा लेप दिला आणि खरखर गेली. ‘चकतीवरचा ह्यो ऑक्साइड बी काचंचाच भाऊ हाय. पानी धरनार. त्यात आडकलेला भार पापुद्र्याला सुखानं बसू देत न्हाई,’ तुम्ही म्हणालात. ‘लेप देऊन बघू का?’

मी त्या दिवशी परीक्षेच्या पेपरांत बुडाले होते. म्हणाले, काय करायचं ते करा, माझ्या चांगल्या चकत्या वापरू नका.

तुम्ही कडा उडालेल्या सहा चकत्या घेतल्यात. रसायनशास्त्र विभागातून एका द्रवाचे थेंब मागून आणलेत, बंद बरणीत चकत्या त्याच्या वाफेत दिवसभर ठेवल्यात. मला बोलावून एका चकतीवर पाण्याचा थेंब सोडून दाखवलात. अळवाच्या पानावर राहतो तसा तो गोल उभा राहिला. मी ‘छान’ म्हणाले आणि वर्गावर गेले. तुम्ही वहीत नोंद केलीत: बारा ते सतरा, खाली लेप.

काही आठवड्यांनी मी माझा प्रयोग करायला घेतला. पापुद्रे वायूच्या भट्टीत तापवले की डिंक जळून जाईल आणि आलेख सुधारेल, असं माझं म्हणणं होतं. तुम्ही चांगले पापुद्रे निवडून ठेवलेल्या डबीतून मी चार चकत्या उचलल्या. तीन साध्या होत्या. चौथी चौदा नंबरची. तापवल्यावर तिघींचे आलेख जवळजवळ होते तसेच राहिले. चौदा नंबरचा आलेख मात्र असा आला की मी खुर्चीतून उठले. शिखर शून्याच्या अगदी शेजारी, टोकदार, आणि जातानाची नि येतानाची रेषा एकमेकींवर.

मी त्या एका आलेखावर पेपर लिहिला. तापवण्याच्या माझ्या पद्धतीनं हे साधलं, असं लिहिलं. बाकीच्या तिघी वगळल्या.

पाठवण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही टेबलाशी आलात. मी प्रिंट काढलेली पानं लावत होते.

‘मॅडम, चौदा नंबरला खाली लेप हाय.’

‘माहीत आहे मला,’ मी म्हणाले. मला माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं.

‘मग त्ये पेपरात लिवायला लागंल की.’

‘त्याचा संबंध नाही. सुधारणा तापवण्यामुळं आहे.’

‘बिनलेपाच्या तीन तापवल्या व्हत्या. त्येंचं काय झालं?’

‘ते पापुद्रे खराब होते, हणमंतराव.’

तुम्हीच निवडून दिलेले पापुद्रे. तुम्ही भट्टी बंद करायला गेलात. आपला वाद तिथंच राहिला. मी तो त्यानंतर मनात अनेकदा पुरा केला आणि दरवेळी हरले.

पेपर छापून आला. संस्थेनं माझा सत्कार केला. सोमवारी तुम्ही साताऱ्याहून कंदी पेढे आणलेत आणि विभागात सगळ्यांना वाटलेत. माझ्या हातावर पेढा ठेवताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी पेढा खाल्ला.

वर्षभरानं बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. अतिशय सभ्य भाषेत लिहिलं होतं, की आम्ही तुमच्या पद्धतीनं अनेक नमुने तापवले, पण तुम्हाला मिळालेला परिणाम आम्हाला मिळत नाही, चकतीबद्दल अधिक माहिती कळवाल का. पत्राची प्रत प्राचार्यांना होती. प्राचार्यांनी मला आणि तुम्हाला सकाळी अकराला बोलावलं. उपप्राचार्यही होते.

त्या खोलीत मी कुठं बसले होते, खिडकीतून कुठलं झाड दिसत होतं, सगळं आठवतं. मला विचारलं, चकतीत काही फरक होता का? मी म्हणाले, आता तपासल्यावर लक्षात येतंय की त्या चकतीला लेप होता. मग ते पेपरात का नाही? मी म्हणाले, ‘नमुन्यांची नोंद सहाय्यकांकडे असते. लेपाच्या आणि साध्या चकत्यांची त्यांच्याकडून गल्लत झाली. मला सांगितलं गेलं नाही.’

वही मी वर नेलीच नव्हती. कुणी मागितलीही नाही.

प्राचार्य तुमच्याकडे वळले. तुम्ही सावधान उभे होतात, खुर्ची दिली असूनही. तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत. मला वाटतं, तुम्ही मला वेळ देत होतात. पाच-सहा सेकंद असतील. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. मग तुम्ही म्हणालात, ‘व्हय सर. माझ्या हातनं झालं असंल.’

का म्हणालात तसं? हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. माझी नोकरी नवी होती म्हणून? बाईमाणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही म्हणून? की ‘ही असं बोलली, आता हिच्याशी काय बोलायचं,’ असं वाटलं? शेवटचं खरं असेल तर तेच मला सगळ्यात जड जातं.

तुमच्या सर्व्हिस बुकात निष्काळजीपणाचा मेमो लागला. तुमची बदली ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाली, अकरावी-बारावीच्या पोरांना लोलक आणि भिंगं काढून द्यायला. किल्ल्या द्यायला तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, ‘फौजेत सतरा वर्सांत एक बी रेड इंट्री न्हवती मला.’ एवढंच. लाल शाईची ती नोंद म्हणजे शिक्षा, हे तुम्हीच कधीतरी हसत सांगितलं होतं.

आणि मी काय म्हणाले? म्हणाले, ‘अहो, नुसता मेमो आहे. पगारावर काही परिणाम नाही त्याचा.’

मासिकाला मी दुरुस्ती पाठवली: तांत्रिक सहाय्यकाच्या नोंदीतील चुकीमुळे चकतीवरील लेपाचा उल्लेख राहिला. तिथंही थांबले नाही. लेपानं फरक पडतो हे तर आता उघडच झालं होतं. मी पुढचं सगळं काम त्यावरच केलं. कोणत्या लेपानं किती भार कमी अडकतो, पाण्याची साय गेली की आलेख कसा सरळ होतो, त्यावर पेपर लिहिले, व्याख्यानं दिली. तुमची कल्पना, तुमच्या सहा मोडक्या चकत्या. आभारात लिहिलं, ‘प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचे सहकार्य’. त्याच कामावर मी विभागप्रमुख झाले. तुमची खोली एका मजल्यानं खाली होती. जिन्यात समोर आलात की तुम्ही बाजूला सरकून वाट द्यायचात, आणि मी फोन कानाला लावायची.

तुम्ही निवृत्त झाल्यावर मी एकदा तुमच्या घरी आले होते. साताऱ्यात परीक्षेचं काम होतं, ते निमित्त. खरं तर सगळं सांगून टाकायचं ठरवूनच आले होते. तुम्ही आल्याच्या वावरात होतात, चिखलाच्या पायांनी आलात, शालनताईंनी चहा ठेवला. तुम्ही माझी, माझ्या आईची चौकशी केलीत. मग म्हणालात, ‘मॅडम, आपल्या पापुद्र्याचं काय चाललंय पुढं?’

आपल्या, म्हणालात.

मी सांगितलं की आता जगभर बोरॉन नायट्राइडच्या स्फटिकावर ठेवतात. तो अगदी सपाट असतो, त्याच्या अणूंची जाळी ग्राफीनच्या जाळीसारखीच, त्यात भार अडकत नाही, पाणी धरत नाही. वरखाली दोन्हीकडून तोच देतात. मग इलेक्ट्रॉन अडखळल्याशिवाय लांबवर जातात. तुम्ही कपबशी खाली ठेवून ऐकत होतात. सगळं ऐकल्यावर तुमचा चेहरा असा खुलला, की मला तिथं बसवेना.

‘म्हंजी खालचंच व्हतं,’ तुम्ही म्हणालात.

‘हो,’ मी म्हणाले. ‘खालचंच होतं.’

पुढचं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात तुम्ही उठलात, आल्याचा गड्डा धुऊन माझ्या पिशवीत घातलात आणि गाडी चुकेल म्हणून मला फाट्यापर्यंत सोडायला आलात. वाटेतही वेळ होता. मी पावसाबद्दल बोलले.

मग सुरेखाचा, तुमच्या मुलीचा, फोन आला. सकाळी वावरातून परत येताना बांधावर बसलात ते उठलाच नाहीत. मला वाटलं होतं, अजून वर्षं आहेत.

शोकसभा संपल्यावर शालनताई माझ्यापाशी आल्या. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, ‘लय चांगलं बोललासा. त्यास्नी तुमचं लय कौतिक व्हतं.’

मी साताऱ्याला आले. स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती, जागाही मिळाली. कंडक्टर तिकीट काढत माझ्यापर्यंत आला आणि मला ‘सांगली’ म्हणता येईना. हात धरल्याची ऊब अजून होती. मी उतरले. तशीच परत खंडाळ्याच्या गाडीत बसले.

दुपार कलली होती. मांडवातल्या सतरंज्या गोळा करणं चाललं होतं. शालनताई आणि सुरेखा आत बसल्या होत्या. काही विसरलं का, असं त्यांनी विचारलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. वही, तीन चकत्या, प्राचार्यांची खोली, सगळं. रडून सांगितलं नाही. रडले असते तर त्यांनाच मला समजवावं लागलं असतं, तेवढी तरी शरम शिल्लक होती.

सुरेखा उठून बाहेर गेली. शालनताई म्हणाल्या, ‘मला त्या कार्बनचं काय कळत न्हाई. पर त्या सालापासनं ह्यांनी माजी सैनिकांच्या मेळाव्याला जायाचं सोडलं. मी इचारलं की म्हनायचे, पाय दुखतोय. पाय काय दुखत न्हवता.’

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

‘मला नगा सांगू. जे कागदावर लिवलंय, ते कागदावरच खोडा. मग या.’

हणमंतराव, गेला दीड महिना मी तेच करते आहे. तुमची वही विभागाच्या कपाटातच होती. त्या पानाची प्रत लावून मी प्राचार्यांना लिहून दिलं. आता प्राचार्य नवे आहेत. म्हणाले, मॅडम, माणूस गेला, आता कशाला, तुमचीच शोभा होईल. मी म्हटलं, त्यासाठीच. मेमो रद्द झाल्याचं पत्र गेल्या आठवड्यात निघालं. माझी चौकशी लागली आहे, विभागप्रमुखपद मी सोडलं आहे. हे तुम्हाला मोठेपणा म्हणून सांगत नाही. इतक्या उशिरा केलेल्या गोष्टीत मोठेपणा नसतो.

मासिकालाही लिहिलं, की पहिल्या आणि पुढच्याही पेपरमध्ये तुमचं नाव लेखक म्हणून जोडावं. संपादकांनी एक अर्ज पाठवला. नव्या लेखकाची लेखी संमती हवी, लेखक हयात नसल्यास वारसाची. आणि शेवटी एक लहान चौकट: हे नाव मूळ पेपरमध्ये का नव्हतं? त्या चौकटीपुढे मी एक अख्खा दिवस बसले. नवखेपणा लिहिला, खोडला. दडपण लिहिलं, खोडलं. गैरसमज हा शब्दसुद्धा एकदा लिहिला. अखेर जे लिहिलं ते तीन शब्दांत मावलं.

परवा तो अर्ज घेऊन तुमच्या घरी गेले. ओसरीवर शालनताईंनी तुमच्याबरोबर फौजेत असलेल्या दोघांना बोलावून बसवलं होतं. त्यातले एक तुमच्याहून वयानं मोठे, काठी टेकून. शालनताई म्हणाल्या, ‘सही करते. पर आदी सगळं मराठीत वाचून दाखवा. ह्या दोघांच्या म्होरं.’

मी एकेक ओळ मराठीत करून वाचली. शेवटच्या चौकटीशी आले तेव्हा आवाज खाली गेला.

काठीवाले आजोबा पुढे वाकले. ‘तोफखान्यात व्हतो बाई, कमी ऐकाय येतं. जरा मोठ्यानं सांगा. आमचा हणमंता चुकला व्हता का न्हाई?’

‘नव्हते चुकले,’ मी म्हणाले.

‘मोठ्यानं.’

‘हणमंतराव चुकले नव्हते. मी खोटं बोलले.’

शेजारच्या घरातल्या दोन बायका दारात आल्या. आजोबांनी मान हलवली आणि काठी भिंतीला लावून ठेवली. शालनताईंनी पेन मागितलं, कागद मांडीवर सरळ केला, आणि तुमचं नाव कुठं आहे ते मला बोट ठेवून दाखवायला लावून त्याच्या खाली सही केली.